गुडघा-खुब्याच्या ऑपरेशनसाठी थांबलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांधा बदलल्यावर पेशंटला उभं करणं, चालवणं हे माझं काम. पण मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे फोन ऑपरेशनच्या आधीच्या काळाबद्दल असतात. तो काळ कधी दोन महिन्यांचा असतो, कधी सात वर्षांचा. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ज्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे, तिथे फक्त क्रमांक दिला आहे. औषध सुरू किंवा बंद करायचं ते मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

१. "वाट्या झिजल्यात, बदलाव्या लागतील" असं सांगितलंय. म्हणजे नक्की काय बदलतात?

वाटी म्हणजे गुडघ्यावरचं पुढचं गोल हाड. आपण सगळेच 'वाटी बदलली' म्हणतो, पण खरं काम तिच्या मागे चालतं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात, तिथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते झिजून हाडावर हाड घासायला लागलं, की टोकांचा काही मिलिमीटरचा थर कापून त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये खास प्लॅस्टिकची चकती ठेवतात. वाटीच्या मागे अस्तर लावायचं की नाही यावर सर्जन मंडळींत अजून दोन तट आहेत. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो ज्या खोबणीत फिरतो ती, दोन्ही बदलतात. आजच्या पद्धतीचा पाया इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये घातला.

'वंगण संपलंय' असंही म्हणतात. संपतं ते अस्तर, वंगण नव्हे. वंगणाच्या इंजेक्शनांविषयी प्रश्न ६ पाहा.

२. ऑपरेशन सांगितलंय, पण मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. तोवर थांबलं तर काही बिघडेल का?

बहुधा नाही. झिजेच्या सांध्याचं ऑपरेशन तातडीचं नसतं. तीन-चार महिन्यांनी निकालात फारसा फरक पडत नाही. अपवाद प्रश्न ४, १४ आणि १६ मध्ये आहेत.

माझी भीती वेगळी आहे. परदेशात रुग्णालयाची यादी लांब असते, आपल्याकडे घरातली. लावणी झाल्यावर, ऊस गेल्यावर, नातवाची दहावी आटोपल्यावर, अमेरिकेतला मुलगा रजा घेऊन आल्यावर. यातलं एकही कारण खोटं नसतं. पण लग्नानंतर बाळंतपण येतं आणि बाळंतपणानंतर बारसं. अशी पाच वर्षं गेलेल्या बायका मी दर महिन्याला पाहते. पुरुष कमी रखडतात, कारण त्यांच्यावाचून स्वयंपाकघर अडत नाही. म्हणून 'लग्नानंतर बघू' म्हणू नका. लग्नाची पत्रिका छापायच्या आधी ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवा.

३. नुसतं थांबल्याने शरीराचं काय नुकसान होतं? दुखणं तर मी सोसतेय.

दुखणं सोसता येतं, पण स्नायू सोसत नाही, तो वाळतो. गुडघा दुखला की आपण नकळत त्या पायावर कमी भार टाकतो. काही महिन्यांत मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो. दोन्ही मांड्यांना वाटीच्या चार बोटं वर टेपने माप घेतलं, तर फरक डोळ्यांना दिसतो. गुडघ्याला धक्क्यांपासून वाचवणारा हाच स्नायू. तो गेला की सांध्यावर भार वाढतो, दुखणं वाढतं आणि चालणं आणखी कमी होतं.

दुसरं नुकसान गुडघा सरळ न होण्याचं. वाकलेल्या गुडघ्यात दुखणं जरा कमी असतं, म्हणून रात्री गुडघ्याखाली उशी जाते. सहा महिने असं झोपलं की मागचे धागे आखडतात आणि पाय पलंगावर सपाट टेकेनासा होतो. ऑपरेशनच्या आधी गुडघा जितका वाकतो आणि सरळ होतो, त्यावर नंतर तो किती हलेल हे बऱ्याच अंशी ठरतं. ती उशी आजच काढा. मी सांगते त्यातली ही सगळ्यात स्वस्त सूचना, आणि हीच सर्वांत कमी पाळली जाते.

मग कंबर धरते, कारण लंगडताना ती दर पावलाला वाकडी होते. वजन वाढतं. चालणं थांबल्याने साखर आणि रक्तदाब हाताबाहेर जातात. कूस बदलताना कळ येते, म्हणून झोप तुटते. संडासला सारखं उठावं लागू नये म्हणून कित्येक आज्या पाणीच कमी पितात. त्याने बद्धकोष्ठ आणि लघवीचा दाह होतो आणि त्याच लघवीच्या संसर्गामुळे पुढे ऑपरेशन लांबतं.

एक गोष्ट अनेक देशांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसली आहे. ऑपरेशनच्या आधी ज्यांची हालचाल फार खालावलेली असते, त्यांचं दुखणं ऑपरेशनने जातं, त्यांना फायदाही होतो. पण वेळेत आलेल्यांइतकं चालणं-फिरणं त्यांना सहसा परत मिळत नाही.

४. आईचे पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकत चाललेत. हे वाढत जातं का?

वाढतं. आपल्याकडे गुडघ्याची आतली बाजू आधी झिजते, त्यामुळे भार आणखी आत सरकतो आणि पाय बाकदार होतो. सुरुवातीला ही झीज फक्त अस्तराची असते. पुढे नडगीच्या हाडाला खड्डा पडतो आणि बाहेरचे अस्थिबंध सैल होतात. मग साधा सांधा पुरत नाही. हाडात खोल जाणारी दांडी, खड्डा भरायला धातूचे तुकडे, जास्त घट्ट पकडणारा सांधा असं काय काय लागतं. ऑपरेशन लांबतं आणि खर्चही वाढतो.

म्हणून वाट पाहायची तर दर सहा महिन्यांनी उभ्याने काढलेला एक्स-रे हवा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत भार नसल्याने झीज लपते. घरच्या घरी एक करा. आईला भिंतीला टेकून उभं करा, घोटे जुळवा, दोन गुडघ्यांमध्ये किती बोटं जातात ते दिनदर्शिकेवर लिहा. दोन बोटांची चार झाली, तर लग्न-मुंज बाजूला ठेवून सर्जनकडे जा.

५. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणते, रोज एक. तीन वर्षं झाली, काही झालं नाही. चालेल ना?

काही झालं नाही हे कशावरून? मूत्रपिंडाची रक्ततपासणी, म्हणजे क्रिएटिनीन, शेवटची कधी केली ते आधी सांगा. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या सूज उतरवतात, पण वर्षानुवर्षं रोज घेतल्या तर जठरात व्रण पडतो, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडं गुपचूप थकतात. ती बरीच निकामी होईपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. सगळ्यात वाईट त्रिकूट म्हणजे रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यात ही दुखण्याची गोळी. साठीपुढच्या पेशंटांच्या अर्ध्याअधिक औषधांच्या डब्यांत मला हे तिन्ही सापडतं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर या तिघांमुळे दोन दिवसांत डायलिसिसची वेळ येऊ शकते.

पॅरासिटॅमॉल त्या मानाने सुरक्षित आहे, पण दिवसाची मर्यादा पाळूनच. वयस्कर माणसांना बहुतेक डॉक्टर तीन ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, ते मोजायचं राहून जातं. गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल पोटात फार कमी जातं, म्हणून आधी ते वापरून बघा. ट्रॅमाडॉल या जास्त जोराच्या दुखण्याच्या गोळीने गुंगी येते आणि तोल जातो. महिनोन्‌महिने घेतलं तर सवय लागते आणि ऑपरेशननंतरचं दुखणं आवरणं अवघड होतं.

पुड्यांबद्दलही बोलायला हवं. आठवडी बाजारात किंवा कुणा 'वैद्या'कडे मिळणारी, दोन दिवसांत गुडघा मोकळा करणारी बिननावाची पुडी बहुतेक वेळा झाडपाल्याची नसते, तिच्यात स्टेरॉइड कुटलेलं असतं. चेहरा गोल होणं, अंगावर काळेनिळे डाग, साखर अचानक चढणं ही खूण. अशी पुडी बरेच महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं असतं. डॉक्टरांपुढे पुडी ठेवा आणि खरं सांगा. लाज वाटून हे लपवलेल्या पेशंटचा रक्तदाब ऑपरेशन टेबलावर कोसळू शकतो.

६. गुडघ्यात इंजेक्शन घेऊन एखादं वर्ष काढता येईल का?

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने बरं वाटतं. लग्नाच्या आठवड्यासाठी ठीक आहे. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते. पण इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून सर्जन तेवढं अंतर ठेवतात. दसऱ्याला इंजेक्शन घेतलं तर दिवाळीला ऑपरेशन होणार नाही, हे आधी लक्षात घ्या.

वंगणाचं जेल महाग असतं आणि पूर्ण झिजलेल्या गुडघ्यात त्याचा उपयोग इतका थोडा दिसला आहे की मी स्वतःच्या आईला ते दिलं नसतं. दुर्बीण घालून 'गुडघा साफ करून घेणं' झिजेच्या संधिवातात उपयोगाचं नाही.

७. थांबलोय तोवर चालू की बसून राहू? चाललं की झीज वाढेल ना?

चाला. बसून राहिल्याने काय होतं ते प्रश्न ३ मध्ये आहे. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं, तर चालणं झेपलं असं समजा. नाही आलं, तर निम्मं करा. एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं तीनदा.

काठी घ्या. काठीला म्हातारपणाची खूण समजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, छत्री घ्यायला सांगते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. दहातले आठजण उलट धरतात आणि मग म्हणतात, काठीचा काही उपयोग नाही.

व्यायाम तीनच सांगते, कारण दहा सांगितले की एकही होत नाही. पलंगावर पाय लांब करून घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबून पाच आकडे मोजा. दुसरा, पाय सरळ ठेवून वीतभर उचलून धरणं. तिसरा, पक्क्या, उंच खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणं आणि सावकाश बसणं. न जमल्यास खुर्चीवर उशी टाकून उंची वाढवा. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. ऑपरेशननंतर वॉकरवर जोर द्यावा लागतो, म्हणून जमलं तर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हातांचाही व्यायाम करा.

मांडी घालून आणि उकिडवं बसणं बंद. देशी संडासावर ठेवायची खुर्ची मिळते, ती आणा.

८. आम्ही तयार होतो, डॉक्टरांनीच पुढे ढकललं. साखर जास्त आहे, दात किडलाय म्हणतात. गुडघ्याचा दाताशी काय संबंध?

धातूच्या सांध्यावर जंतू बसले की औषधांनी सहजी जात नाहीत. कधी कधी सगळा सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. दातातले, लघवीतले, पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांतले जंतू रक्तातून तिथे पोचतात. भाताच्या पट्ट्यातल्या बायकांचं ऑपरेशन पावसाळ्यात चिखल्यांपायी लांबलेलं मी पाहिलं आहे. टाचांच्या खोल भेगाही दाखवा.

साखरेचं म्हणाल तर तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी ही रक्ततपासणी) साधारण ८ टक्क्यांच्या खाली हवी, काही सर्जन ७.५ धरतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर आत्ताच लोहाच्या गोळ्या सुरू करा, म्हणजे रक्त चढवायची वेळ टळेल. वजनाचं एक गणित सांगते, ते पेशंटना पटतं. अंगातला एक किलो उतरला की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

आणि मिश्री. विचारलं की 'तंबाखू नाही हो, फक्त मिश्री' असं उत्तर येतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद करा. ही अशी पुढे ढकललेली तारीख मला वाईट वाटत नाही. त्या वेळात काही काम होतं.

९. आई चिडचिड करते, कुणाकडे जात नाही, "आता मला काही नको" म्हणते. हे वय की गुडघा?

वयावर ढकलू नका. सततचं दुखणं आणि तुटलेली झोप यांतून नैराश्य येतं, आणि नैराश्यात दुखणं जास्त टोचतं. २०२० मध्ये कोव्हिडमुळे ब्रिटनमधली अशी ऑपरेशनं थांबली, तेव्हा यादीतल्या रुग्णांना जीवनमानाची ठरावीक प्रश्नावली दिली गेली. खुब्यासाठी थांबलेल्यांतले सुमारे एकतृतीयांश आणि गुडघ्यासाठी थांबलेल्यांतले पाचांत एकाहून थोडे जास्त लोक त्या मोजपट्टीवर 'मरणापेक्षा वाईट' म्हणून धरल्या जाणाऱ्या अवस्थेत निघाले. आजार जिवावरचा नसतानाही ही स्थिती.

आपल्या घरांत हे 'स्वभाव बिघडला' म्हणून खपून जातं. हळदीकुंकवाला जिना आहे म्हणून ती गेली नाही. देवळात खाली बसता येत नाही म्हणून तेही सोडलं. भजनी मंडळात खुर्ची मागायला संकोच वाटला. एकेक दार असं बंद होत जातं. तुम्ही एवढंच करा की खुर्ची आधी सांगून ठेवा आणि तिला घेऊन जा. 'आता नको' हे वाक्य दोन आठवड्यांहून जास्त रोज ऐकू आलं, किंवा जेवण सुटलं, तर डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते ऑपरेशनच्या आधी सुरू करता येतात.

सांभाळणाऱ्याचंही बघा. दर वेळी हाताला धरून उठवणाऱ्या सुनेची कंबर गेली की घरात दोन पेशंट होतात.

१०. वडील म्हणतात, यंदाची वारी करून मग ऑपरेशन करू. ऐकायला तयार नाहीत.

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पूर्ण झिजलेल्या गुडघ्याने ते चालणं म्हणजे वीस दिवस गोळ्यांवर काढणं, आणि त्या गोळ्यांचं काय ते प्रश्न ५ मध्ये आहे. तरी मी सरसकट नको म्हणत नाही. माझ्या एका वारकरी काकांनी टप्पे ठरवून घेतले. सपाटीचे काही चालले, दिवेघाट गाडीतून पार केला, ऑपरेशन श्रावणात झालं. वारी चुकली या खंतीत ऑपरेशन केलेला माणूस नंतर व्यायामही नीट करत नाही. रांगेत अनवाणी मात्र नको. पायाला जखम झाली तर तारीख हमखास पुढे जाईल.

११. पैसे जमत नाहीत म्हणून थांबलोय. काही मार्ग आहे का?

आधी किमतीचं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, ज्याची छापील किंमत सरासरी दीड लाखाच्या पुढे होती, तो कराव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आला. पुढे आकडे थोडे बदलत गेले, पण मर्यादा आहे. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. एकूण बिलात खोली, भूल, सर्जनचे पैसे हे सगळं त्यावर येतं, तिथे मर्यादा नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. सांधेरोपण तिच्यात आहे, पण योजनेशी जोडलेल्या प्रत्येक (अंगीकृत) रुग्णालयात ते होत नाही. १५५३८८ वर फोन करा किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, थेट विचारा, 'गुडघा बदलण्याची मान्यता इथे आहे का?' नुसतं 'योजना चालते का?' विचारलं तर 'हो' उत्तर मिळतं आणि फेरी फुकट जाते. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता मोफत उपचारांचं केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं.

धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलासाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, नुसत्या बिलिंगच्या खिडकीवर ही माहिती मिळत नाही.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत नंबर लागायला वेळ लागतो, कारण अपघाताचे पेशंट आले की तेच टेबल त्यांना जातं. तिथे नाव नोंदवताना 'कुणी आयत्या वेळी आलं नाही तर मला बोलवा, मी दोन दिवसांत येऊ शकतो' असं सांगून ठेवा. तपासण्या तयार असलेला माणूस पुढे सरकतो.

१२. आरोग्य विमा काढलाय, पण कंपनी म्हणते सांधा बदलायला दोन वर्षं थांबा. दुखणं तर आत्ता आहे.

बहुतेक पॉलिसींत सांधेरोपणाला २४ ते ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो. अपघाताने सांधा बदलावा लागला तर तो लागू होत नाही. पॉलिसी काढण्याआधीच गुडघेदुखीचे उपचार चालू होते तर आधीच्या आजाराचाही प्रतीक्षा काळ लागतो, तो एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने. दोन्ही काळ बरोबरच मोजले जातात, एकापुढे एक नाही.

जुना एक्स-रे लपवून फॉर्म भरू नका. दावा आला की कंपनी जुनी कागदपत्रं मागते, आणि ऑपरेशननंतर दावा नाकारला गेला तर सगळं बिल अंगावर येतं. मुलाच्या नोकरीतल्या गट विम्यात आई-वडील घातले असतील तर तिथे बहुधा प्रतीक्षा नसते. मात्र गुडघ्यासाठी वेगळी मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. आणि फक्त विम्यासाठी थांबत असाल तर प्रश्न ४ मधली बोटांची मोजणी चुकवू नका.

१३. मी ५२ वर्षांचा आहे. सांधा १५ वर्षंच टिकतो म्हणतात, मग साठीपर्यंत थांबू का?

१५ वर्षांची गोष्ट जुनी झाली. २०१९ मध्ये सांधे बदललेल्यांच्या मोठ्या नोंदवह्यांवरून काढलेल्या हिशेबात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकलेले दिसले. तरी वयाचा मुद्दा खोटा नाही. ब्रिटनमधल्या दुसऱ्या एका हिशेबात पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांत आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता साधारण तीनात एक होती, सत्तरीपुढे वीसात एक. दुसरं ऑपरेशन पहिल्याहून अवघड असतं.

मग ठरवायचं कसं? फक्त आतली बाजू झिजली असेल तर अर्धा गुडघा बदलणं किंवा नडगीचं हाड कापून भार सरकवणं हे मार्ग पन्नाशीत आधी विचारा. ते शक्य नसेल आणि नोकरी, झोप, चालणं तिन्ही गेलं असेल, तर कामाची आठ वर्षं लंगडत काढून साठीत चांगला गुडघा मिळवण्यात मला शहाणपण दिसत नाही. हे माझं मत. याउलट सांगणारे चांगले सर्जनही भेटतील.

१४. मुलगा ३४ वर्षांचा, खुब्याचा गोळा सुकतोय म्हणाले. गुडघ्यासारखं थांबता येईल?

नाही, हा वेगळा आजार आहे. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याने हाड मरतं. दारू, स्टेरॉइड, जुनं फ्रॅक्चर ही नेहमीची कारणं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेलही विचारात घ्यावा लागतो. गोळा खचण्याआधी एमआरआयवर सापडला तर हाडाला भोक पाडून दाब कमी करण्याचा उपाय करून पाहता येतो. खचल्यावर ती संधी जाते. इथे महिने मोजायचे असतात. एका खुब्यात सापडलं तर दुसऱ्याचाही एमआरआय करा, बऱ्याचदा दोन्हीकडे असतं. खचून झाल्यावर मात्र प्रश्न ३ आणि १३ चाच हिशेब लागू होतो.

१५. एक्स-रे फार खराब आहे म्हणतात, पण मला विशेष दुखत नाही. तरी बदलायचा?

एक्स-रेचं ऑपरेशन करत नाहीत, माणसाचं करतात. दोन किलोमीटर चालता येतं, रात्री झोप लागते, गोळी क्वचित लागते, तर थांबा आणि प्रश्न ४ प्रमाणे लक्ष ठेवा. गुडघा बदललेल्यांपैकी पाचांत एकापर्यंत लोक नंतर पूर्ण समाधानी नसतात. आधी कमी दुखणाऱ्यांची निराशा त्यात जास्त असते, कारण नवा गुडघाही जरा बोथट, जरा परका वाटतो.

उलट प्रकारही असतो. दुखणं भयंकर आणि गुडघ्याचा एक्स-रे बरा. अशा वेळी खुबा तपासा. खुब्याचं दुखणं मांडीतून उतरून गुडघ्यात जाणवतं. कमरेच्या मणक्यातून येणारी कळही तशीच फसवते.

१६. कोणत्या वेळी अजिबात थांबायचं नाही?

पडल्यावर पाय टेकवता येत नाही, तो आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, तर खुब्याजवळचं हाड मोडलं असण्याची शक्यता मोठी. त्याच दिवशी रुग्णालयात जा. हे ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हायला हवं. हाडवैद्याकडे लेप लावण्यात आठवडा गेला तर छातीत कफ, पाठीला जखमा आणि पायात रक्ताच्या गाठी होतात. सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला तर तो पू असू शकतो, तेही त्याच दिवशी. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर तो मणक्याचा प्रश्न आहे. काळी संडास झाली तर दुखण्याची गोळी थांबवून लगेच दवाखाना.

१७. मी इंग्लंडमध्ये असते. इथे वर्षभराची यादी आहे. पुण्यात येऊन करून घेऊ का?

इंग्लंडमध्ये अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचं बंधन कागदावर आहे, पण २०१६ पासून ते पाळलं गेलेलं नाही. कॅनडात २६ आठवड्यांचं उद्दिष्ट आहे, तिथूनही असेच फोन येतात. आधी तिथेच दुसरं रुग्णालय निवडण्याचा हक्क वापरून बघा. इंग्लंडमध्ये तो आहे, आणि वेगवेगळ्या रुग्णालयांच्या याद्यांत बराच फरक असतो.

भारतात करायचंच तर निदान तीन महिने मुक्काम धरा. लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून कित्येक सर्जन तेवढे दिवस प्रवास नको म्हणतात. सांध्याचं नाव, माप आणि क्रमांक असलेले स्टिकर डिस्चार्ज कागदांवर चिकटवून घ्या. दहा वर्षांनी तिथल्या सर्जनला तेच लागतील. परत गेल्यावर फिजिओ कोण देणार हे तिकीट काढण्याआधी ठरवा.

१८. दाखल झालो, उपाशी राहिलो आणि आयत्या वेळी रद्द झालं. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून?

सगळं नाही. घरी जाण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी थांबवली होती, ती आज रात्रीपासून पुन्हा सुरू करायची का. हृदयात स्टेंट असेल तर हा प्रश्न विचारल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. साखरेच्या गोळ्या-इन्सुलिन कधीपासून. आणि नवी तारीख कोण, कोणत्या नंबरवर कळवणार. रक्ततपासण्या साधारण महिनाभरानंतर पुन्हा मागतात, एक्स-रे आणि हृदयाची इको त्याहून जास्त काळ चालते, म्हणून मूळ कागद वॉर्डात ठेवून येऊ नका. अंगावर ताप, सर्दी किंवा पायाला नवी जखम असल्याने रद्द झालं असेल तर ती बरी झाल्याचं फोनवर स्वतःहून कळवा. पेशंट बरा झाला की नाही हे विचारायला तिथून सहसा कुणी फोन करत नाही. व्यायाम दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू, प्रश्न ७ मधले तेच तीन.